ओढ्याकडे न बघणारी दुर्बीण

पुणे, ता. ९ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप आबांस,
सुषमाचा साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. आईचा गुडघा कसा आहे ते कळवावे.

एक परवानगी मागायची आहे. आमच्या संस्थेतला सेन्सर चिली देशातल्या डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीला जोडायचा आहे. त्यासाठी मला चार महिने बोलावलं आहे. तुम्ही हो म्हणालात तरच जाईन.

काम असं आहे. हवा सतत थरथरते, म्हणून ताऱ्याचं चित्र फिसकटतं. दुर्बिणीतला एक पातळ आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकवून ती थरथर घालवता येते. पण किती वाकायचं हे आरशाला कळावं म्हणून जवळच्या एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवावी लागते. धुळीच्या ढगांआडचे तारे साध्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत. आमचा सेन्सर अवरक्त किरण, म्हणजे ऊब टिपतो. आपल्याला काळोख वाटतो तिथंही त्याला दिसतं. अशा कामात आपल्या घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीचा हात लागावा, याहून मोठं काय?

उत्तराची वाट पाहणारी,
आपली सुषमा

केडगावजवळून, ता. २० नोव्हेंबर

सुषमाताईंस,
प्रतिभाचा नमस्कार. आबा सांगत्यात, मी लिहिते; मधीमधी माझं बी घालते.

तुमचं पत्र आबांनी कौतुकानं दूध डेअरीवर मोठ्यानं वाचलं. दुपारपतुर गावभर झालं, की मल्हारीच्या पोरीनं काळोखात माणसाची ऊब बघणारं यंत्र केलंय. आता आम्ही बायका टमरेल घेऊन पहाटं ओढ्याला जातो, ते काळोखाच्याच भरवशावर ना! शेजारची भामाबाई आत्याबाईंशी, म्हंजी तुमच्या आईशी, बोलायची बंद झालीया. सरपंच आनंदरावांच्या साखरबाई दारात येऊन विचारून गेल्या, की पोरीला एवढी शिकवली ती ह्याच्यासाठी व्हय.

आबा म्हणत्यात, गावच्या लेकीसुनांपुढं मान वर करता येत न्हाई. आधी हे निस्तर, तवर परवानगीचं नाव काढू नको. आन् ताई, माझ्यापुरतं खरं सांगा. दिसतं का हो?

तुमची वैनी प्रतिभा

पुणे, ता. २७ नोव्हेंबर

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार. पत्र वाचून रडूच आलं.

सोबत एक निवेदन पाठवते, ते ग्रामसभेत वाचावं. दुर्बीण आकाशाकडे पाहते. चिलीहून आपला ओढा बघायचा तर पृथ्वीलाच भोक पाडावं लागेल. शिवाय सेन्सर बर्फाहून कितीतरी थंड ठेवावा लागतो, नाहीतर त्याला स्वतःचीच ऊब दिसत बसते. वहिनी, नाही हो दिसत!

विज्ञानाबद्दल असा गैरसमज मागे ठेवून मी विमानात बसणार नाही. निवेदन वाचलं गेलं नाही, तर १४ डिसेंबरच्या रविवारी येऊन मी घरोघरी समजावून सांगेन.

आपली मुलगी,
सुषमा

केडगावजवळून, ता. ४ डिसेंबर

सुषमाताईंस,
नमस्कार. निवेदन पोचलं. आबांनी दोनदा वाचलं, पण मनातल्या मनात.

झालंय असं, की साखरबाईंनी ओढ्याला जायचं सोडलं आन् घरात संडास पायजे म्हणून सरपंचांची भाकरी बंद केली. मग सगळ्याच बायकांनी तेच धरलं. संडासाची योजना किती वर्सं नुसती भाषणात हुती. आता गल्लीगल्लीत खड्डे झाले, विटा आल्या, भिंती छातीपतुर चढल्या. दारं तेवढी ऱ्हायलीत. अशात तुमचं निवेदन वाचलं, की पुरुष मंडळी म्हणणार ओढाच बरा, आन् गवंडी उद्या गायब. काल भामाबाई आपणहून आली, आत्याबाईंना म्हणाली, तुझ्या पोरीला दिसतंय तर दिसू दे बाई, आमची हरकत न्हाई.

आबा म्हणत्यात, मी तुला खोटं बोल म्हणणार न्हाई. पण तू गावात आलीस तर खरं सांगितल्याबिगर ऱ्हायची न्हाईस. तवा रविवारी येऊ नको. चिलीला जा. परवानगी दिली. निरोपाला आबाच पुण्याला येत्यात, घोंगडी घेऊन. आन् जमलं तर सायबांना विचारून मुक्काम वाढवून घ्या, आपला सुतार लई सावकाश हाय.

माया हाय तशीच ठेवा, पण सध्या लांबूनच.
तुमची वैनी प्रतिभा