चिमणीतून धूर निघाल्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
जैव-उद्योग परवाना कक्ष, परभणी.

अर्जदार: राजेश्री परमेश्वर गिराम, मु. पो. बोरी, ता. जिंतूर.

विषय: श्रीमती कस्तुराबाई यांचे नाव नोटिशीतून वगळणेबाबत.
संदर्भ: आपली दि. २६ फेब्रुवारीची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार ही बोरी येथे लहान कारखाना चालवते. कपाशीच्या पळाट्या, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या वाळक्या काड्या, बंद भट्टीत तापवून निघणारा वायू आणि भट्टीतलाच कार्बन डायऑक्साइड पकडून तेथे मिथेनॉल तयार होते. ते रंगाच्या कारखान्यांना लागते. वायू बाहेर जातच नसल्याने चिमणी नव्हती. तथापि अर्जाच्या नमुन्यात 'चिमणीची उंची' हा रकाना कोरा चालत नाही, असे आपल्या खिडकीवर सांगण्यात आले. सबब अर्जदाराने तीस फुटांची चिमणी उभारली. ती कशालाही जोडलेली नाही.

२. दि. ६ जानेवारीस आपल्या निरीक्षकांनी फाटकातूनच वर पाहून 'धूर आढळला नाही, कारखाना बंद' असा शेरा मारला. आत नऊ बाया कामावर होत्या. आत येण्याची विनंती केली असता, तपासणी चिमणीची आहे असे उत्तर मिळाले. दि. ३ फेब्रुवारीस तोच शेरा पडला आणि तिसऱ्या खेपेस परवाना रद्द होईल, अशी तोंडी समज मिळाली.

३. दि. २४ रोजी निरीक्षक आले तेव्हा अर्जदार परभणीस गेली होती. फाटकाशी पळाट्या वाळवणाऱ्या कस्तुराबाई, वय एकसष्ट, होत्या. त्यांनी चिमणीच्या बुडाशी एक भारा पेटवला. निरीक्षकांनी समाधान व्यक्त केले, 'कारखाना सुरू' असे लिहिले व चहा घेतला. दोन दिवसांनी प्रदूषणाची नोटीस आली. तीत 'धूर सोडणारी व्यक्ती' म्हणून कस्तुराबाईंचे नाव आहे.

४. विचारले असता त्या म्हणाल्या, "सायेब तिसऱ्यांदा आलते. धूर बघितल्याबिगर त्यायला पटंना. म्या म्हनलं, दाखवावा की. आपल्याकडं काय पळाट्या कमी हायत?" आता त्या कामावर येत नाहीत. पोलीस नेतील म्हणून शेळी त्यांनी सुनेच्या हवाली केली असून कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.

५. धूर झाला, हे मान्य आहे. चिमणी अर्जदाराची आहे. नोटीस व दंड अर्जदाराच्या नावे करावा. परवान्याचे कक्षाने ठरवावे. मात्र कस्तुराबाईंचे नाव वगळल्याचे पत्र शिक्क्यासह द्यावे आणि आपल्याच माणसाने ते त्यांना घरी जाऊन वाचून दाखवावे. अर्जदाराने समजावले तर त्या म्हणतात, "तू तर माह्याच बाजूनं बोलनार."

पत्राची वाट पाहणारी,
राजेश्री परमेश्वर गिराम
बोरी, दि. ५ मार्च २०२६

सोबत: नोटिशीची प्रत, तिन्ही तपासण्यांचे शेरे.