तिला नको

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नरपडला गेले की कुणी ना कुणी मला थांबवून तुमचं कौतुक ऐकवतंच. देवळाचे पुजारी असून शर्यतीतल्या पोरांना भर रस्त्यात उभं राहून पाणी पाजलं, जात नाही विचारली की पात नाही. मी मान डोलावते. त्यांना काय सांगणार, कप्पाळ?

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्या थंडीत आपल्याकडे मॅरेथॉन निघाली. वाट देवळासमोरून जाणार म्हटल्यावर तुमच्या अंगात वारंच शिरलं. दारात माठ मांडलात आणि त्यात देवाचं तीर्थ पळीभर ओतलंत. "नुसतं पाणी कुणीही देतं," म्हणालात. मी मात्र दोन दिवसांपासून मागच्या दारी बाजूला बसलेली. "पळायचं तर पळ, देवळाकडे फिरकू नकोस," एवढंच तुम्ही मला बजावलंत. दुसरा रस्ता नव्हता, हे तुम्हालाही ठाऊक होतं. वर्षभर मी ओहोटीच्या वाळूवर पळून तयारी केली होती. बक्षीस नको होतं मला, अण्णा. तुम्ही मला एकदा पळताना बघावं आणि शाब्बास म्हणावं, एवढ्यासाठी सगळी धडपड होती.

अजून दिसता तुम्ही. धोतर खोचून रस्त्याच्या कडेला उभे आहात, टाळ्या वाजवताय, "चला सायवन! अरे झरीवाले, मागे राहू नका!" त्या गावांतल्या आश्रमशाळांची अनवाणी पोरं ओंजळ पुढे करतात, तुम्ही तांब्या तिरका करता, पोरं हसत पुढे जातात. बोंबील वाळत घालणाऱ्या बायकाही हातातलं काम टाकून बघायला आल्यात. माझ्या घशाला कोरड पडलेली. मीही ओंजळ पुढे करते. तुम्ही माझ्याकडे बघता आणि तांब्या मागे घेता.

"भटजी, ही तं तुमचीच पोर! पानी द्या की तिला," एक बाई ओरडली.

"तिला नको," तुम्ही म्हणालात.

आवाज चढवला नाहीत, पण त्या बायकांना तेवढं पुरलं. एकीनं तोंडाला पदर लावला, दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. माझे कुठले दिवस चाललेत ते माझ्या बापानं अख्ख्या रस्त्याला सांगितलं होतं.

दुपारी आईनं लांबूनच माझ्या ताटात भात टाकला. तुम्ही स्वयंपाकघरातून म्हणालात, "मी तुला पळायला नाही म्हटलं का? दुसरा बाप असता तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं." तुम्हाला ते मनापासून खरं वाटत होतं, याचीच मला जास्त चीड येते. तुम्ही दुष्ट असतात तर एव्हाना तुम्हाला विसरून गेले असते. आता मी तलासरीला मुलींना पळायला शिकवते. एखादी पोट धरून मैदानाच्या कडेला बसली, की मला आधी तुमचा राग येतो आणि मग तिची काळजी वाटते.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, म्हणून जे आईलाही कधी बोलले नाही ते लिहिते. तुमच्यासमोरून पुढे गेले. पुढच्या वळणावर सुरूच्या झाडाखाली बसायचं आणि घरी परत जायचं, असं ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला. "शाब्बास पोरी! आता सोडू नकोस, पळ!" माझ्यामागून सायवनची एक मुलगी येत होती. तुम्ही तिला म्हणत होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. म्हणूनच मी मागे वळून पाहिलं नाही, आणि ते मलाच म्हणालात असं धरून शेवटपर्यंत पळाले.