हजेरीतला उकार

बाई, काल मला पुरस्कार मिळाला. दुसऱ्या राज्यांतून, दुसऱ्या देशांतून आलेल्या मुलांना शिकवते म्हणून. शाल खांद्यावरून घसरत होती आणि मी माइकवर तुमचीच गोष्ट सांगत होते. हजुरची. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण गोष्ट मी अर्धीच सांगितली.

मुलुंडच्या पालिकेच्या शाळेतला माझा पहिला आठवडा. आम्ही नुकतेच नेपाळहून आलेलो, बाबा एका सोसायटीत वॉचमन, राहायला मीटर रूमशेजारची खोली. तुम्ही हजेरी घेताय. माझं नाव येतं, मी उभी राहते आणि म्हणते, "हजुर!" आमच्याकडे मोठ्यांनी हाक मारली की असंच ओ देतात. वर्ग खो खो हसतो. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव 'हुजूर' पडलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मी तोंडच उघडत नाही. तुम्ही चष्म्यावरून बघता आणि सगळ्यांदेखत खडसावता, "समोर बसलीस म्हणून हजर धरणार नाही मी. तोंडाने सांग. तुझ्या घरी सांगतात तसं सांग, पण सांग." मग वर्गाकडे वळता, "आणि तुम्ही काय दात काढताय रे? एका उकाराचा तर फरक आहे!" मी रडतरडत हजुर म्हटलं. तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता मला.

आता माझ्या मानखुर्दच्या वर्गात एक मुलगी आहे, घरचे अफगाणिस्तानातून जीव घेऊन पळालेले. महिनाभर तोंडातून एक शब्द नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हिचं इथे काही होणार नाही. नाव कमी करून टाका ना." मी म्हटलं, "सर, माझ्या पटावरून नाव कमी होणार नाही. ती बोलेपर्यंत मी रोज पुकारीन." रोज पुकारलं. आज सकाळी ती जागेवर उभी राहिली आणि म्हणाली, "बले." त्यांच्याकडे 'हो'ला बले म्हणतात. मागून कुणीतरी ओरडलं, "भले शाब्बास!" वर्ग हसला, आणि बाई, तीपण हसली. मी तिची हजेरी लावली आणि पट सरांना नेऊन दाखवला. आता कोण नाव कमी करतो ते बघतेच मी.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. तुमच्या शेवटच्या आजारात मी भेटायला आले होते. तुम्हाला माणसं ओळखू येत नव्हती, पण पडल्यापडल्या वर्गाची हजेरी घेत होतात. माझं नाव आलं. खोलीत तुमची सून, शेजारपाजारचे, आणि मी आता शिक्षिका झालेली. मी अगदी शुद्ध म्हटलं, "हजर, बाई." तुम्ही थांबलात. पुन्हा नाव घेतलंत. मी पुन्हा, मोठ्याने, हजर. "आली नाही आज," असं सुनेला सांगून तुम्ही पुढचं नाव घेतलंत.

मला चारचौघांत लाज वाटली, बाई. एवढंच होतं. हे पत्र कुठे टाकणार, हजेरीपटातच ठेवतेय. हजुर.