कोरीटच्या ओट्यावर देज

९ फेब्रुवारी
आले एकदाची! मोलगीच्या वरच्या पाड्यावर, दलसिंगच्या घरात, नांदायला. ना हार, ना मुहूर्त. त्याच्या आईने, गंगीबाईने, चुलीजवळ जागा करून दिली. "बस. भाकर खा." संपलं! आमच्या कोरीटला एव्हाना अर्धं गाव दारात जमलं असतं.

पहिल्यांदा नर्स म्हणून मोलगीला आले तेव्हा आप्पांनी माझ्यासाठी शहाद्याचा बँकवाला मुलगा बघून ठेवला होता. त्याला हुंड्यात गाडी हवी होती. आप्पा द्यायलाही तयार!

१० फेब्रुवारी
आईला फोन लावला. माझा आवाज ऐकताच तिने ठेवून दिला.

१४ फेब्रुवारी
भावाचा, हेमराजचा, फोन. "आप्पानी जेवन सोडी दिधं. सोनम मरी गयी असं सगळास्ले सांगस."

खूप रडले. दलसिंग जीप पुसत होता. म्हणाला, "बाबा जातील की बोलायला. दोन घरं बोलली की राग उतरतो." यांच्यात मुलगी आधी घरात येते, भांडण मागाहून मिटतं. पंच जमतात, मुलाचा बाप मुलीच्या बापाला देज, म्हणजे मानाचे पैसे, देतो. एकदा बापाने ते घेतलं की तो लेकीच्या घरी हक्काने येतो, जेवतो, मुक्काम करतो.

हक्काने! आमच्यात बाप लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. आप्पा इथे खाटेवर बसून जेवतायत, असं डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, जा.

२२ फेब्रुवारी
दलसिंगचे वडील रायसिंगबाबा उद्या पंच घेऊन निघतायत. मोहाच्या दारूची बाटली नेऊ नका म्हटलं, आप्पा माळकरी आहेत. तर म्हणाले, "सोयऱ्याकडे रिकाम्या हाताने? त्याचा अपमान होईल."

२३ फेब्रुवारी
व्हायचं तेच झालं. ओट्यावर बाटली आणि देजाची पुरचुंडी ठेवली, आणि आप्पा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले — "मी पोर इकाले बठेल शे का?" हेमराजने बाटली फोडली.

रायसिंगबाबांनी परत आल्यावर संध्याकाळी मला विचारलं, "मान कमी पडला का?"

काय सांगू! गाडी देऊन मला बँकवाल्याकडे धाडली असती तर आप्पांची मान ताठ. इथे उलट कुणी देतंय, तर ती विक्री! एकाचा मान तो दुसऱ्याचा अपमान. दोघंही वाईट नाहीत, हेच जास्त वाईट. कुणावर रागवायचं तेही कळत नाही.

२ मार्च
आईचा चोरून फोन. "इकडे येवू नको व माय. तू उनी ते तुन्हा बाप जीव दी टाकी." एवढंच.

५ मार्च
रायसिंगबाबा पुन्हा निघालेत, दलसिंगही सोबत. हातापाया पडले, नका जाऊ म्हणून. ऐकेनात. "तुझा बाप घेत नाही तोवर तू इथे पाहुणी. सून नाही." म्हणजे तिथे मी मेलेली आणि इथे पाहुणी. छान!

६ मार्च
आप्पांनी देज घेतलं!

पाड्यावर ढोल वाजतोय. बाबांना अहिराणी कळत नाही, ते खुशीत नाचतायत. दलसिंगला कळते. त्याने मला बाजूला नेऊन आप्पांचे शब्द सांगितले. "ठी द्या. व्यवहार मिटना. आते ती मन्ही कोनी नहीं." म्हणजे व्यवहार मिटला, आणि माझं नातंही.

गंगीबाईने आप्पांसाठी खाट विणायला घेतलीय. विचारत होती, बाप कधी येणार जेवायला?

होळीला, म्हटलं.