बातम्यांआधीची धून

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा स्टील गिटारवादन, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कुणाच्या धाकाला न भिता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांना सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण बाकी माणूस बरा.

१. रेडिओवर बातम्यांआधी वेळ उरला की भर म्हणून मला बसवत. सव्वीस वर्षं थेट वाजवलं. अंतऱ्यावर आलो की बातम्या सुरू! माझी एकही धून जगात कुणी शेवटपर्यंत ऐकलेली नाही.

२. दरवेळी माझा आवाज बंद करणाऱ्या निवेदकाला माझं मनगटी घड्याळ द्यावं. ते दोन मिनिटं मागे चालतं. दुरुस्त करू नये.

३. ही गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादी कांडी फिरवतात. सासरे बघायला आले तेव्हा म्हणाले, "जावईबापू इस्त्री करतात वाटतं." असो. कांडी शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना द्यावी. इतकी वर्षं मुठीनं भिंत ठोकत आले, हात दुखले असतील.

४. घर, खोल्या दोन. नवऱ्याला सोडून आलेली मुलगी इथेच राहते, तिला दुसरा आसरा नाही. पण ती म्हणते, "बाबा, ते रडगाणं आवरा." म्हणून अट: माझी धून जो शेवटपर्यंत ऐकेल त्यालाच घर. पोटच्या पोरीलाही सवलत नाही.

५. अट पक्की व्हावी म्हणून आज साक्षीदारांसमोर वाजवायला बसलो. अंतऱ्यावर आलो आणि हात थांबला. पुढचं काही केल्या आठवेना! शिंपी म्हणाला, "वा, छान! संपलं ना?" वकीलसाहेब चपला शोधू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मुलगी भाजी चिरता चिरता आतून म्हणाली, "बाबा, पुढे असं आहे," आणि गुणगुणत थेट शेवटापर्यंत गेली. एक सूर चुकला नाही.

"तुला गं कसं येतं?"

"लहानपणी तुमचा रोजचा रियाज कुणी ऐकला? दोन खोल्यांत पळणार कुठे?"

मी साक्षीदारांदेखत ढसाढसा रडलो. कलम चार रद्द. घर तिचं, विनाअट. अंतरा मी तिच्याकडून उद्यापासून शिकणार आहे, तरी मृत्यूने हे पत्र लगेच अमलात आणण्याची घाई करू नये.

सही: गिटारवाला
साक्षीदार: १. शिंपी २. वकील (एका पायात चप्पल)
ठिकाण: पुढची खोली
दिनांक: सतरा, गुरुवार