धर्माचा रकाना

अण्णा, तुमचा राग येतो मला. नाही म्हणणं तुम्ही फार सोपं करून दाखवलंत. आणीबाणी आली तेव्हा राष्ट्रपतींची एक सही पुरली होती. पोलीस शाळेत आले, सरकारविरोधी सभांना जाणाऱ्या शिक्षकांची यादी मागू लागले, आणि नागरिकशास्त्र शिकवणारे तुम्ही म्हणालात, "मला नावं लक्षात राहत नाहीत." महिन्याभरात आडगावी बदली. आई धुमसत होती, "आता तत्त्वं शिजवून घालू का पोरांना?" मी तिच्याच बाजूचा होतो.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी अमेरिकेवर हल्ला झाला. मी तेव्हा दुबईच्या जबल अली बंदरात, त्यांच्या लढाऊ जहाजांना भाजीपाला पुरवणाऱ्या कंपनीत. कॅन्टीनच्या टीव्हीवर सांगतायत, युद्ध आहे, म्हणून अध्यक्षाच्या एका सहीने परदेशी माणसाला नेहमीच्या कोर्टाशिवाय डांबता येईल. आम्ही डाळभात कालवत ऐकतोय. शेजारी आमचा स्टोअरकीपर, रत्नागिरीकडचा मुसलमान. तुम्ही माझ्याकडे शारजाला आला होतात तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून तुम्हाला सोलकढी करून देणारा तोच. तो म्हणाला, "भाऊ, आपल्याला काय त्याचं? आपण बरं, आपले कांदे-बटाटे बरे."

धक्क्यावर जायच्या पासांची यादी मी करायचो. आपल्या सवयीप्रमाणे आद्याक्षरं आणि आडनाव, बस. स्टोअरकीपरचं आडनाव आपल्याकडच्या कुठल्याही पाटलासारखं, त्यामुळे कागदावर तो कोण ते कळत नसे. त्या आठवड्यात अमेरिकन नौदलाकडून नवा फॉर्म आला, त्यात धर्माचा रकाना. मॅनेजर म्हणाला, "ऑप्शनल है यार, खाली छोड दो. यल्ला, जल्दी फॅक्स करो." मी माझ्यासकट चाळीसही जणांचा भरला.

आठ दिवसांत त्याचा पास रद्द झाला. कारण नाही, चौकशी नाही, विचारायची सोय नाही. पास नाही तर काम नाही, काम नाही तर व्हिसा खलास. दोन मुली शिकत होत्या त्याच्या. या माणसाने कुणाचं काय घोडं मारलं होतं? मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पात तो बॅग बांधत होता, मी दोरी धरून उभा.

"कुणीतरी लिहून दिलं असणार, भाऊ. आपल्या ऑफिसातलं नसेल ना?"

"छे! त्यांच्याकडूनच आलं असेल. दुसरीकडे मिळेल काम, इन्शाल्ला."

शी! ते इन्शाल्ला आजही तोंडात कडू लागतं. त्या अध्यक्षाला मी चारचौघांत मनसोक्त शिव्या देतो. लोक माना डोलावतात, मला माझीच किळस येते. त्याची सही तिकडे लांब होती, रकाना मी भरला होता.

तुम्ही असतात तर हे पत्र लिहिलं नसतं. फोनवर सांगितलं असतं की कंपनीचा हुकूम होता, आणि तुम्ही विश्वास ठेवला असतात. हुकूम नव्हता, अण्णा. माझ्या नावापुढे हिंदू लिहिलेलं त्यांना दिसावं, एवढ्यासाठी मी तो रकाना भरला.