खाणीतला राडारोडा

खाणवाडी, वारज्याच्या पुढे
१७ डिसेंबर १९९७

ती. संभाजीदादास,

शालूचा नमस्कार. येरवड्यात तुम्ही सगळे बरे असाल. वहिनीचा गुडघा कसा आहे ते कळव. मागच्या आठवड्यात तू वारज्यात दिसलास, असं बजरंग म्हणाला. वाडी तिथून काही फार लांब नाही.

इथली बातमी म्हणजे दुपारची बस पुन्हा सुरू झाली. खाण बंद पडून खडीचं मशीन इथून हललं, तेव्हा निम्मी घरं ओस पडली होती. तूही तेव्हाच गेलास. आता माणसं परत येताहेत. खाणीत साठलेल्या पाण्यावर इम्तियाजभाईंनी पंप बसवला, आणि आम्ही बायका शेवंती, मेथी काढून मार्केट यार्डात धाडतो. ज्यांनी सुरुंग लावून तो खड्डा केला, त्या इम्तियाजभाईंनीच त्याच्यावर वाडी जगवली.

पण दिवाळीपासून पाणी गढूळ येतंय. आम्ही बाजाराला गेलो की कुणीतरी खाणीत राडारोडा ओततं. फुटक्या फरश्या, विटा, सिमेंटची ढेकळं. फाटकाची किल्ली इम्तियाजभाईंकडे, म्हणून सगळ्यांचा संशय त्यांच्यावर. गेनबाकाकांनी चारचौघांत विचारलं, "इम्तियाज, कुणाचा माल हाय ह्यो?"

ते म्हणाले, "मी टाकलेला नाही. याच्यापुढं विचारू नका."

किल्ली काढून घेतली त्यांच्याकडून. मलाही वाटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय.

पण किल्ली घेतल्यावरही राडारोडा पडतच राहिला, म्हणून काल बाजाराला न जाता मी फाटकाआड थांबले. ट्रक आला. ड्रायव्हरनं खिशातल्या किल्लीनं कुलूप उघडलं. मी आडवी उभी राहिले.

"ताई, आमच्यावर कशाला ओरडता? मालकांनीच किल्ली दिलीय. खड्डा बुजला की बिल्डिंग होणार इथं."

"कोण मालक?"

"संभाजीराव. येरवड्याचे."

तू खोटं बोलतोस, म्हटलं मी त्याला. तो हसला. ट्रक मात्र मागं नेला.

तशीच इम्तियाजभाईंकडे गेले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"एकदा ट्रकच्या पुढं त्यांची जीप बघितली. तुझा भाऊ आहे तो, शालू. माझ्या तोंडून कसं सांगू?"

दादा, काठाची जमिनीची पट्टी तेवढी आपली. खड्डा साऱ्या वाडीचा आहे. खाणीचा मुकादम होतास, फाटकाची जुनी किल्ली तुझ्याकडेही असायची; तुला हे मी सांगायला नको. अजूनही वाटतं, ड्रायव्हर खोटारडा निघावा. पण तसं पत्रानं कळवू नकोस. २८ तारखेला, रविवारी, देवळापुढं बैठक आहे. ये आणि इम्तियाजभाईंच्या तोंडावर बोल.

मी अजून कुणापाशी नाव काढलेलं नाही. हे खाणीत दगडाखाली गेले तेव्हा तूच मला उभं केलंस, म्हणून एवढं थांबलेय. आला नाहीस तर मीच बोलेन, आणि नाव घेताना दादा म्हणणार नाही.

रविवारपर्यंत तुझी बहीण,
शालू